जुन्या मापाची सायकल

दुकानात येणारं कुणीही तिला वहिनीच म्हणे. शाळेतली पोरं वहिनी म्हणत, पांढऱ्या केसांचे निवृत्त गृहस्थ वहिनी म्हणत, आणि एकदा तर एक पोलीस अधिकारी हेल्मेट काखेत धरून दारात उभा राहिला आणि "वहिनी, जरा बघता का?" असं विचारता झाला. मुळात ती एकाच माणसाची वहिनी. दुकान तिच्या दिराचं. तो तिला वहिनी म्हणे, त्याच्या मित्रांनी ते ऐकलं, आणि मग ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचा नवरा म्हणायचा, "अख्ख्या गावाचा मी थोरला भाऊ झालो, आणि एकही धाकटा माझं ऐकत नाही."

गावाच्या मागे टेकडी होती, टेकडीवर जंगल होतं, आणि जंगलातून मुळांवरून, दगडांवरून उतरणाऱ्या अरुंद वाटा होत्या. त्या वाटांवर चालवायच्या जाड टायरच्या, पुढेमागे शॉक असलेल्या सायकली दुरुस्त करायचं हे दुकान. रस्ता टेकडीकडे वळतो त्या शेवटच्या वळणावर ते होतं. पुढच्या खोलीत सायकल टांगून ठेवायचे दोन स्टँड, भिंतीवर पान्यांच्या रांगा, आणि मागच्या खोलीत एक शिलाई मशीन. सायकलच्या दुकानात शिलाई मशीन कशाला, असं नवखा माणूस हमखास विचारी.

त्याचं कारण असं की वहिनी मूळची शिंपीण. लग्नाआधीपासून ती पुरुषांच्या पँटी आणि कोट शिवत असे. मशीनला घरात जागा नव्हती म्हणून दिराने मागची खोली दिली. एके दिवशी एक गिऱ्हाईक दिराशी हुज्जत घालत होतं, की नव्या सायकलवर त्याचा गुडघा दुखतो. दीर चेन बघत होता, गिअर बघत होता. वहिनी तोंडात टाचण्या धरून दारात उभी होती. टाचण्या काढून ती म्हणाली, "भावजी, हे बसतात तेव्हा मागून बघा. कंबर डावीकडे-उजवीकडे झुलते. पँट लांब झाली की माणूस असाच चालतो. सीट खाली घ्या." सीट दोन बोटं खाली आली, गुडघा दुखायचा थांबला, आणि त्या दिवसापासून दिराने तिला मशीनवर फार वेळ बसू दिलं नाही.

बाकीचं ती हळूहळू शिकली. शॉकमध्ये हवा असते, ती माणसाच्या वजनाप्रमाणे भरावी लागते. माणूस नुसता बसला तरी शॉक थोडा दबला पाहिजे, म्हणजे खड्डा आला की चाक खाली जायला जागा राहते आणि दगड आला की वर यायला. आणि दबलेला शॉक परत किती वेगाने वर यावा, तेही एक छोटं चाक फिरवून ठरवता येतं. फार वेगाने आला तर सायकल घोड्यासारखी उसळते, फार सावकाश आला तर एका धक्क्यातून सावरायच्या आत दुसरा बसतो. वहिनीला यात नवल वाटलं नाही. कापडातही ढील किती ठेवायची हाच सगळा प्रश्न असतो.

तिचा नियम एकच होता, आणि तो ती शिवणकामातून घेऊन आली होती. जुन्या मापावर नवा कपडा शिवायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "गेल्या वर्षीचंच माप घ्या," तरी टेप काढायची. इथे टेपच्या जागी शॉकच्या चकचकीत दांड्यावर बसवलेली एक रबराची कडी होती, इतकाच फरक. सायकल घेऊन कुणी आलं आणि तक्रार सांगू लागलं की वहिनी म्हणे, "आधी बसा, मग बोला." तेही साधं बसणं नाही. बूट, हेल्मेट, पाठीवर पाण्याने भरलेली पिशवी, सगळं चढवून बसायचं, एक हात भिंतीला टेकायचा. वहिनी ती कडी वर सरकवून ठेवी. माणूस अलगद उतरला की कडी जिथे राहिली तिथवर शॉक दबला. पाव हिश्श्याच्या थोडी पुढे राहिली तर ठीक, नाही तर हवा भर नाही तर काढ. वजन ती कुणालाच विचारत नसे. बेकरीवाला, जो पावांचं वजन जास्त आणि आपलं कमी सांगे, एकदा म्हणाला होता, "अहो वहिनी, सांगतो ना मी आकडा!"

"तुम्ही सांगा हो. कडीलाही काही सांगायचं असतं."

"वाट वाईट आहे", "सायकलच वाईट आहे" म्हणणारे बरेच येत. नाचता येईना अंगण वाकडं, असं वहिनी कुणालाही म्हणाली नाही. कारण दहांतल्या चौघांचं अंगण खरोखरच वाकडं असे.

आता भावजींचं सांगायला हवं. भावजी म्हणजे रुंद खांद्यांचा, दणकट, बेकरीवाल्याच्या तोडीचा गडी. फक्त बेकरीवाल्याचं जे पोटात होतं ते याच्या मांड्यांत आणि पाठीत. लग्न केलं नाही, दुकानावरच्याच खोलीत राहायचा. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी टेकडीवर जायचा आणि सगळ्यांत अवघड वाटेने, जिला सगळे 'दगडी जिना' म्हणत, खाली यायचा. इतकी वर्षं त्या दगडांवरून उतरला, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आणि पाय मोडला तो दुकानाच्या पायरीवर, हातात ट्यूबांचा खोका असताना. मांडीचं हाड. लोकांना वाटे तो टेकडीवर पडला. त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, आणि वहिनीनेही दिली नाही.

हाड पहिल्यांदा नीट जुळलं नाही, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. मग काठी, मग व्यायाम, मग पुन्हा काठी. मधल्या काळात दुकान वहिनीने चालवलं. भावजी वरच्या खोलीतून खाली यायला लागला तेव्हा त्याचे शर्ट हँगरवर टांगल्यासारखे दिसत. डावा पाय किंचित आखूड राहिला होता. पँटचा डावा पाय जमिनीवर घासू लागला तशी वहिनीने ती पँट नेली, एका बाजूने दुमडून शिवली आणि इस्त्री करून परत ठेवली. दोघांनीही त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

त्याची सायकल मागच्या खोलीत हुकाला टांगलेली होती. वहिनी तिला डोळ्यांत तेल घालून जपे. दांडे पुसायचे, चेनला तेल, शॉकमधली हवा हळूहळू झिरपते ती पुन्हा भरायची. किती भरायची ते तिला पाठ होतं. भावजींची हवा! ती कोण विसरेल?

अशातच भावजींच्या एका मित्राचा फोन आला. दुसऱ्या गावात त्याचं मोठं गोदाम होतं, देखरेखीला विश्वासाचा माणूस हवा होता. बसून करायचं काम. भावजी जेवताना म्हणाला, "शुक्रवारी हो की नाही ते सांगायचंय."

"आणि दुकान?" नवऱ्याने विचारलं.

"दुकान वहिनी चालवतायत की. माझ्यापेक्षा बरं चालवतात. मी तिथे नुसता स्टुलावर बसून लोकांच्या सायकली बघणार आणि आपण चालवू शकत नाही म्हणून चडफडणार? त्यापेक्षा गोदाम बरं. खोकी तरी मला चिडवणार नाहीत."

"खोक्यांनीच पाय मोडला ना तुझा," नवरा म्हणाला, आणि वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने ताटात बघू लागला.

भावजी हसला नाही. "दगडी जिना एकदा उतरून बघतो. डॉक्टर हो म्हणालेत. जमलं तर राहतो. नाही जमलं तर सायकलचं तोंड बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने सायकल हुकावरून काढली, टायर तपासले, ब्रेक दाबून बघितले, शॉकची हवा पाहिली. जिथल्या तिथे. सायकल दारात आणून उभी केली. भावजीने हेल्मेट घातलं, हातमोजे चढवले. इथे, या जागी, दुसरा कुणीही असता तर वहिनीच्या तोंडून आपसूक निघालं असतं, "आधी बसा." ते निघालं नाही. ती म्हणाली, "सावकाश हं, भावजी. सगळं तुमचं तसंच्या तसं ठेवलंय."

ती वाटेच्या तळाशी, फाटकापाशी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने भावजी आला तो चालत, सायकल हाताने ढकलत. पडला नव्हता. पण हाताची बोटं उघडमीट करत होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय झालं?"

"काही नाही. फेकते मला. प्रत्येक मुळावर मागून लाथ बसते. हात बधिर झाले. पुढचं चाक वाटेवर टिकतच नाही, नुसतं थडथडतं. तीन ठिकाणी उतरलो, मग चालतच आलो." मग तो म्हणाला, "सायकल तीच आहे, वहिनी. मीच तो राहिलो नाही."

वहिनीलाही तेच खरं वाटलं. दुकानापर्यंत दोघं चालत आले. भावजीने सायकल भिंतीला टेकवली आणि तिथूनच बेकरीवाल्याला फोन लावला. "तुला माझी सायकल आवडायची ना? ये, घेऊन जा. नाही, गंमत नाही. हुकावर सडण्यापेक्षा बरी."

बेकरीवाला लगेच आला, हाताचं पीठही न झटकता. तो आनंदात होता आणि आपण आनंदात असल्याची त्याला लाजही वाटत होती. "नुसती वापरायला नेतो रे. तुला हवी तेव्हा परत."

"मला नकोय."

"बघ हं. वहिनी, तुम्ही सांगा ना याला."

वहिनी काय सांगणार? मन थाऱ्यावर नसलं की माणूस सवयीचं काम करतो. तिने कोपऱ्यातला पंप उचलला आणि म्हणाली, "आधी बसा."

"आलं! मला वाटलंच होतं," बेकरीवाला म्हणाला. "पिशवी पण?"

"पिशवी पण."

दुकानातली एक पिशवी पाण्याने भरून त्याच्या पाठीवर चढवली. तो एक हात भिंतीला टेकून सायकलवर चढला. शॉक हुस्स करत दबला. वहिनीने वाकून कडी सरकवली. "उतरा. अलगद. अलगद म्हटलं मी, पोतं टाकल्यासारखं नाही."

तो उतरला. वहिनी बघत राहिली. कडी पाव हिश्श्याच्या थोडी पुढे, अगदी जिथे असायला हवी तिथेच होती. तिने पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवरची कडी पाहिली. तीही बरोबर. हवा एका फुंकरीएवढीही कमी-जास्त करायला नको.

"काय हो, काय झालं?" बेकरीवाल्याने विचारलं. "मोडलं का काही?"

"नाही. तुम्हाला ही बेतून शिवल्यासारखी बसते."

"मला? पहिल्याच झटक्यात?" तो खूष झाला. "माझ्या स्वतःच्या सायकलला तर तुम्ही पाऊण तास लावला होता!"

वहिनीने पंप खाली ठेवला. मघाशी टेकडीवरून सायकल आली तेव्हा कडी कुठे होती ते तिला आता आठवलं. ती अर्ध्या दांड्यावर होती. दगडी जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून जो उतरतो त्याची कडी पार टोकाशी गेलेली असते. तिने पाहिलं होतं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. घोडं कुठे पेंड खात होतं ते तिला कळलं. तिने भरलेली हवा बेकरीवाल्याच्या वजनाच्या माणसाची होती. तसा माणूस या घरात एके काळी होता. तो शर्ट हँगरवर टांगल्यासारखे दिसायला लागायच्या आधी.

स्टुलावर बसलेला भावजी आधी तिच्याकडे आणि मग बेकरीवाल्याच्या पोटाकडे बघत होता. त्याने हा धंदा वहिनीच्या कितीतरी आधी सुरू केला होता. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "सकाळी मी याच्या सायकलवर होतो."

"हो."

"मग फेकणारच की! दगडावर बसल्यासारखं वाटणार नाही तर काय होणार!" त्याने मांडीवर थाप मारली, आणि मग विचारलं, "वहिनी, तुम्ही मला बसवलं का नाही?"

"चूक झाली माझी."

"तुमची चूक होत नाही. पोलिसाला बसवलंत, डॉक्टरला बसवलंत. मला का नाही?"

उत्तर वहिनीपाशी होतं. त्याला बसवलं असतं तर कडीने सांगितलं असतं, मागून बघितलं असतं तर कंबरेने सांगितलं असतं, आणि ते त्याच्या देखत ऐकावं लागलं असतं. पँट दुमडून शिवणं सोपं होतं, ती बंद खोलीत शिवता येते. पण हे बेकरीवाल्यासमोर बोलायचं कसं? ती नुसती पंपाची नळी गुंडाळत राहिली.

भावजीनेच सुटका केली. "जाऊ दे. विचारलं असतंत तरी मी बसलो नसतो." तो उठला, भिंतीवरचं हेल्मेट काढलं. "आता बसतो."

"म्हणजे सायकल गेली माझी?" बेकरीवाला म्हणाला.

"तू इथे शेजारी उभा राहा. मला खांदा दे, भिंत लांब आहे."

तर असा तो बसला. बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं. कडी जेमतेम नखाएवढी हलली. बेकरीवाल्याने तोंडाने 'च्च' केलं, वहिनीने त्याच्याकडे डोळे वटारले. तिने हवा सोडली. थोडी सोडायची, त्याला दोनदा वर-खाली दबायला लावायचं, म्हणजे शॉकच्या आतल्या दोन कप्प्यांतली हवा सारखी होते, मग पुन्हा बसवायचं. चौथ्या खेपेला कडी जागेवर आली. मग फोर्क. मग परत येण्याचं ते छोटं चाक. हवा कमी झाल्यावर शॉकला वर ढकलणारा जोरही कमी झाला होता, म्हणून त्याला मोकळं करायला हवं होतं. दुकानाच्या पायरीवरून, त्याच पायरीवरून, भावजी सायकलसकट खाली उतरला, आणि वहिनी गुडघ्यावर बसून मागचं चाक कसं सावरतं ते बघत राहिली. त्या छोट्या चाकाचा आणखी एक खटका. पुन्हा पायरी. आता सायकल एकदा दबून वर आली आणि तिथेच शांत झाली.

"टायरमधली पण थोडी काढा," भावजी म्हणाला.

"काढतेय. मला शिकवू नका."

"मीच शिकवलंय तुम्हाला!"

"हवा भरायला शिकवलंत. काढायला मी शिकले."

मग ती मागे जाऊन उभी राहिली आणि त्याला जागच्या जागी पेडल मारायला लावलं. डाव्या बाजूला कंबर खाली जात होती. या वेळी तिने ते तोंडाने सांगितलं. "डावा पाय पोचत नाहीये, भावजी. सीट थोडी खाली घेते आणि डाव्या बुटात तळ घालू."

"किती?"

"पँट जेवढी दुमडली तेवढा."

त्याने बूट काढून तिच्या हातात दिला. मागच्या खोलीत जाऊन तिने कॉर्कचा तुकडा कात्रीने कापला, कडा घासल्या, आत बसवला. हँडल थोडं वर घेतलं, कारण आता त्याची पाठ पूर्वीइतकी वाकत नव्हती. ब्रेकच्या दांड्या बोटांच्या जवळ आणल्या. सगळं होईपर्यंत चहा दोनदा गार झाला आणि बेकरीत कुणीतरी पाव जाळले. बेकरीवाल्याला तसा फोनही आला. तो म्हणाला, "जळू दे, इथे महत्त्वाचं चाललंय."

गुरुवारी सकाळी भावजी पुन्हा टेकडीवर गेला. वहिनी पुन्हा फाटकापाशी उभी राहिली. आधी आवाज आला, टायरखाली खडी सरकल्याचा, मग झाडांमधून हेल्मेट दिसलं. तो सायकलवर होता. उभा, गुडघे वाकवून, कोपर बाहेर काढून, पण पूर्वीसारखा नव्हे. पूर्वी तो दगडांना मोजत नसे, आता प्रत्येक दगडाला विचारून येत होता. शेवटच्या उंच टप्प्यापाशी तो थांबला, उतरला, सायकल हाताने खाली घेतली, पुन्हा चढला आणि फाटकापर्यंत आला.

वहिनीची नजर कडीकडे गेली. कडी टोकाच्या जवळ होती.

भावजीने धापा टाकत हेल्मेट काढलं. "मागचं चाक अजून उसळतंय," तो म्हणाला. "खालच्या मुळांवर. आणि डावा ब्रेक जरा लांब वाटतो. आणि सीट तुम्ही जास्तच खाली घेतलीत."

वहिनीला फार बरं वाटलं. सायकल सोडून जाणारा माणूस तक्रारी करत नाही, तो काल केला तसा फोन करतो. तक्रार करतं ते गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक परत येतं.

"सीट तिथेच राहील," ती म्हणाली. "ब्रेक बघते. उसळतं त्याला एक खटका घट्ट करू."

"दोन."

"एक. आधी बसा, मग बोला."

"आणि जिन्याचा तो शेवटचा टप्पा पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. गोदामाला 'नाही' म्हणून त्याने कधी कळवलं ते वहिनीला समजलंही नाही. शुक्रवारी फोनजवळ बसायच्या वेळी तो दुकानात एका बाईंना पाण्याची पिशवी भरायला लावत होता.

त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा वहिनी दारातच उभी होती, गळ्यात टेप घालून.

"हे काय?"

"हात वर करा."

"का? मी काय केलं?"

"काही नाही. तुमच्या सगळ्या पँटी मी लग्नातल्या मापावर शिवते. म्हणून तुम्ही जेवल्यावर नेहमी वरचं बटण उघडता."

"मला वाटायचं तुझ्या लक्षात आलं नाही."

"आलं होतं," वहिनी म्हणाली, आणि त्याच्या कंबरेभोवती टेप गुंडाळली.